टोकन हलवण्याआधी दोर धरलेल्यांना विचारा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत राहून, किंवा मुंबईत राहून गावाच्या नावाने, टोकन काढणाऱ्या सगळ्या मुलामुलींना,

मुलांनो,

गेल्या मंगळवारी संध्याकाळी माझा भाचा ऑफिसात येऊन बसला. चहा झाला, आणि मग खाली बघत म्हणाला, "आत्ये, टोकन परत हलवूचा म्हणतत सगळे. दुसरीकडे फी जास्त गावता." टोकन म्हणजे या मुलांनी आपल्या कामाच्या नावाने इंटरनेटवर काढलेलं क्रिप्टो नाणं. लोक ते घेतात-विकतात, आणि प्रत्येक व्यवहारावर कापलेल्या फीतला वाटा यांना मिळतो. हातातली फाईल मी बाजूला ठेवली. त्या संध्याकाळी त्याच्याशी जे बोलले ते त्याच्या एकट्यापुरतं ठेवून भागणार नाही. असाच विचार तुमच्यातले आणखी कितीतरी जण करत आहेत, हे तुमच्या कागदांवरून मला दिसतं. म्हणून हे पत्र.

मी मालवणात पंचवीस वर्षं लोकांचे हिशेब लिहिते. आंबा बागायतदार, होडीवाले, खानावळी, होमस्टे चालवणाऱ्या बायका. २०२२ च्या एप्रिलपासून आभासी डिजिटल मालमत्तेवर ३० टक्के कर लागला आणि तेव्हापासून तुमची वॉलेटं, म्हणजे टोकनं ठेवायची फोनमधली खाती, हीही माझ्या टेबलावर यायला लागली. पहिल्या वर्षी मला त्यातलं काही कळत नव्हतं. भाच्याला शेजारी बसवून एकेक व्यवहार त्याच्याकडून समजून घेतला आणि मगच लिहिला. तेव्हा हे सगळं थोतांड आहे असं सांगणारी कुणी बाई हे पत्र लिहीत नाही, एवढं आधी धरून चाला.

तुमची बाजू मला माहीत आहे. भाचा आणि त्याचे तीन सोबती दशावताराचं रेकॉर्डिंग करतात. त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र गावोगाव फिरतात. पेटाऱ्याची पूजा होते तिथपासून पहाटे दहीकाला होईपर्यंत कॅमेरा चालू असतो. पखवाज आणि झांज एकमेकांना गिळू नयेत म्हणून दोन माइक वेगळे लावतात, आणि म्हाताऱ्या नटांकडून जुनी पदं दिवसा घरी जाऊन म्हणवून घेतात. हे काम पैशात मोजता येणार नाही इतकं मोलाचं आहे असं मी मनापासून मानते. पण कॅमेऱ्याचा हप्ता पैशातच भरावा लागतो. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवायचा तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं झालेलं असावं लागतं. तेवढं गाठेपर्यंत यांना दीड वर्ष लागलं, आणि त्यानंतर जे आलं त्यात पेट्रोलसुद्धा निघालं नाही. मग टोकन काढलं. पहिल्या तीन आठवड्यांत फीचे जे पैसे आले ते चॅनलच्या सगळ्या आयुष्यातल्या कमाईहून जास्त होते. ती नोंद मी स्वतः केली आहे. त्या दिवशी त्या पोरांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलेले नाही.

आता ही फी येते कुठून, ते इथे लिहिते. तुम्हाला ठाऊकच आहे. पण तुमचं टोकन घेणाऱ्या आपल्या माणसांना ते कुणी नीट सांगितलेलं नाही, आणि हे पत्र तीही वाचतील.

लॉन्चपॅडवर, म्हणजे टोकन काढून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, टोकन काढायला एक फोन आणि पाच मिनिटं पुरतात. सोलाना या ब्लॉकचेनवरच्या (ब्लॉकचेन म्हणजे व्यवहारांची सगळ्यांना उघडी नोंदवही) पंप डॉट फन या मंचाने जानेवारी २०२४ पासून ही रीत सर्वदूर नेली. एक अब्ज टोकनं तयार होतात. सुरुवातीला भाव सूत्राने ठरतो, त्याला बाँडिंग कर्व्ह म्हणतात. लोक घेत जातील तसं पुढचं टोकन महाग होत जातं. कर्व्ह पूर्ण भरला की टोकन 'ग्रॅज्युएट' होतं. म्हणजे जमलेलं सोल, हे सोलानाचं चलन, आणि राखून ठेवलेली टोकनं एका पूलमध्ये, सामाईक साठ्यात, जातात आणि पुढची खरेदी-विक्री तिथे चालते. बहुतेक टोकनं तिथवर पोचतच नाहीत. प्रत्येक खरेदीवर आणि प्रत्येक विक्रीवर मंच फी कापतो.

सुरुवातीला त्या फीमध्ये टोकन काढणाऱ्याला काहीच नव्हतं. त्याला कमवायचं असेल तर स्वतःकडची टोकनं विकायची, म्हणजे ज्यांनी विश्वासाने घेतलं त्यांच्याच अंगावर ओतायची, हाच मुख्य रस्ता होता. त्या रस्त्यापेक्षा फीचा वाटा बरा, हे मला मान्य आहे. मे २०२५ मध्ये पंपने ग्रॅज्युएट झालेल्या टोकनांच्या उलाढालीतले ०.०५ टक्के निर्मात्याला द्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास बिलीव्ह नावाच्या मंचावर २ टक्के फी होती आणि तिच्यातला अर्धा भाग निर्मात्याचा होता. बॅग्जवर उलाढालीचा १ टक्का मिळू लागला. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या लेट्सबॉंकने जुलैत काही आठवडे पंपला मागे टाकलं. सप्टेंबरमध्ये पंपने दर पुन्हा बदलले. ग्रॅज्युएट झालेलं टोकन लहान असेल तर निर्मात्याला ०.९५ टक्क्यांपर्यंत, आणि त्याचं बाजारमूल्य वाढत जाईल तसा हा दर उतरत ०.०५ पर्यंत. मंचांची ही ओढाताण तुमच्यासाठी होती, कारण टोकन काढणारा जिथे जातो तिथे त्याची माणसं जातात आणि फी तिथेच कापली जाते. मंच स्वतःही हलले आहेत. पंपवरून ग्रॅज्युएट झालेली टोकनं आधी रेडियम या दुसऱ्यांच्या बाजारात जात. मार्च २०२५ मध्ये पंपने पंपस्वॅप हा स्वतःचा बाजार काढला, आणि पुढच्याच महिन्यात रेडियमने लाँचलॅब हा स्वतःचा लॉन्चपॅड उघडला.

हे टक्के ऐकायला अगदी चिमूटभर वाटतात, म्हणून रुपयांत मांडते. समजा शंभर माणसांनी महिन्याभरात प्रत्येकी दहा व्यवहार केले आणि प्रत्येक व्यवहार १,००० रुपयांचा होता. उलाढाल झाली दहा लाखांची. ०.०५ टक्क्याने निर्मात्याला ५०० रुपये मिळतात, ०.९५ ने ९,५००. तुमचे पाय हलतात ते या ९,००० रुपयांच्या फरकाने, आणि हलावेतच असा तो फरक आहे. पण हेच उदाहरण दुसऱ्या बाजूने वाचा. महिन्याच्या शेवटी टोकनाचा भाव होता तिथेच असला, किंवा खाली गेला, तरी ते ९,५०० तुम्हाला मिळालेलेच असतात. ते बाहेरून आलेले नाहीत. घेणाऱ्या-विकणाऱ्या शंभर माणसांच्या खिशातून थेंब थेंब आलेले आहेत. तुमची कमाई उलाढालीवर चालते, त्यांची भावावर. इथे तुमचं आणि त्यांचं हित एक नाही, आणि टोकन काढताना तुम्ही दोघांचं हित एकच असल्यासारखं बोलला होता. "आपण सगळे मिळून दशावतार जपूया" असं टोकनाच्या पानावर मराठीत लिहिलेलं होतं. ते मी वाचलं आहे.

'हलवणं' हा शब्दही मला बरोबर वाटत नाही. टोकन हलत नाही. त्याचा मिंटचा पत्ता, म्हणजे ब्लॉकचेनवरची त्याची ओळख, एकदा झाला की झाला. तुम्ही करता ते असं: नव्या मंचावर नवं टोकन काढता, जुन्या धारकांची एका ठरावीक क्षणाची यादी घेता, जिला स्नॅपशॉट म्हणतात, आणि त्या यादीप्रमाणे नवी टोकनं क्लेम करायला मुदत देता. जुनं टोकन आहे तिथेच राहतं. पूलमधल्या भांडवलावरचा हक्क, ते एलपी टोकन, बहुतेक ठिकाणी ग्रॅज्युएट होताना जाळलेलं, म्हणजे कायमचं नष्ट केलेलं असतं, त्यामुळे ते भांडवलही तुम्हाला नव्या घरी नेता येत नाही. मग जुन्या पूलमध्ये जो आधी विकतो त्याला भाव मिळतो. जो मागे राहतो त्याच्या वॉलेटात टोकनांची संख्या पूर्वीइतकीच दिसत राहते, फक्त घेणारा उरत नाही. आणि आधी कोण विकतो? ज्याला आधी कळतं तो.

आता चतुर्थीचं सांगते. माझा राग तिथला आहे, आणि तो मी लपवत नाही.

टोकन नव्या मंचावर नेत असल्याची सूचना टेलिग्रामवर आली ती गणपतीच्या आदल्या रात्री, इंग्रजीत. क्लेमची मुदत सात दिवस. त्या रात्री कुणी माटवी बांधत होतं, कुणी माणगावच्या कोंडीत गाडीत बसून होतं, कुणाच्या घरी पंधरा माणसं जेवायची होती. पुढचे सात दिवस आपल्याकडे कोण कशात असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचेही हात आरतीच्या टाळांतच होते. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "नव्या ठिकाणचो दर त्याच आठवड्यात चांगलो होतो, थांबलो असतो तर गेलो असतो." त्याने खोटं सांगितलं नाही. त्याच्या मनात कुणाला फसवायचं नव्हतं हेही मला ठाऊक आहे. पण त्याच्या मनात काय होतं याने त्या आठवड्याचा निकाल बदलला नाही.

विसर्जनं झाली आणि माझ्याकडे माणसं यायला लागली. मी वही काढली आणि नावं लिहून घेतली. तेवीस नावं आहेत. बहुतेकांचे पैसे पाच हजारांच्या आतले. त्यात एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आहेत, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी १२,००० रुपयांची टोकनं घेतली होती. नफ्यासाठी नाही. तुम्ही केलेल्या एका जुन्या जत्रेच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा वारलेला भाऊ संकासुर होऊन नाचतो. त्या कामात आपला हात असावा म्हणून त्यांनी पैसे घातले. जुन्या टोकनाचा भाव मी त्यांच्यासमोर काढून पाहिला. सगळ्या टोकनांचे मिळून दोनशे रुपयेही होत नव्हते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "माझा नाव त्या यादीत होता मा?" होतं. यादीत त्यांचं वॉलेट होतं, नवी टोकनं त्यांच्यासाठी ठेवलेलीही होती, मुदत संपली म्हणून ती परत तुमच्या खात्यात गेली. मी त्यांना ते सांगितलं तेव्हा मला माझीच लाज वाटली, कारण त्या टोकनाचं वॉलेट त्यांना माझ्याच ऑफिसात काढून दिलं होतं.

दुसरं नाव आमच्या आळीत मासे विकणाऱ्या एका वहिनीचं. मुलगा गोव्याला कामाला आहे, त्याने तिच्या फोनवर वॉलेट काढून दिलेलं. चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी कुणाकडून तरी तिला कळलं की क्लेम करायचं असतं. ती लिंक शोधायला गेली आणि भलत्याच पानावर पोचली. पान हुबेहूब तुमच्यासारखं दिसणारं होतं. त्याने वॉलेटाची चावी असलेले बारा गुप्त शब्द मागितले, तिने भरले, आणि वॉलेटात होतं नव्हतं ते सगळं गेलं. मुलाने पाठवलेले पैसेसुद्धा त्यातच होते. ही चोरी तुम्ही केलेली नाही. पण सात दिवसांची घाई, परक्या भाषेतली सूचना आणि विचारायला कुणी नाही, असा अंधार चोराला तुम्ही करून दिलात. क्लेम करताना बारा शब्द कधीच द्यायचे नसतात, हे एक वाक्य मराठीत, ठळक अक्षरात लिहायला किती वेळ लागला असता?

भाच्याला हे बोलले तेव्हा त्याने उलट विचारलं, "आबा दलाल बदलीत नाय? गेल्या पाच वर्षांत तीन बदलल्यान." प्रश्न चांगला होता. माझ्या भावाची देवगडात कलमं आहेत, आणि वाशीचा दलाल त्याने खरंच तीनदा बदलला. भाव पडलेला दाखवला, पट्टी उशिरा पाठवली, उचल द्यायला टाळाटाळ केली, की बदलतो. बदलावाच. पण पेटीतला आंबा त्याचा असतो. झाड त्याचं, फवारणी त्याची, राखण त्याची. तो दलाल बदलतो तेव्हा दुसऱ्या कुणाच्या घरातला आंबा रात्रीत कुजत नाही. तुमच्या टोकनातला तुमचा हिस्सा थोडा आहे, बाकीचा लोकांच्या हातात गेलेला आहे. त्यांच्या हातात दिल्यावर घर बदलायचा निर्णय एकट्या तुमचा राहत नाही. आणि दलालाचंच उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घ्या. पट्टीवर सगळं असतं: किती पेट्या, काय भावाने गेल्या, हमाली, तोलाई. अडत कुणाकडून घ्यायची यावर या राज्यात वर्षानुवर्षं वाद चालले, आणि २०१६ साली फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. कमिशन कुणाच्या खिशातून जातं हा प्रश्न शेतकऱ्यांनी सोडला नाही, म्हणून ते ठरलं. तुमच्या टोकनात घेणाऱ्याकडूनही जातं आणि विकणाऱ्याकडूनही जातं, आणि त्याची पट्टी कुणाला मिळत नाही.

मला दलालापेक्षा रापण जवळची वाटते. माझे आजोबा देवबागला रापणीत होते. होडी जाळं घेऊन पाण्यात जाते, अर्धगोल मारून परत किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. तास तास ओढतात. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. वाटेने जाता जाता कुणी हात लावला असेल तर त्यालाही कालवणापुरते मासे मिळतात, त्याने मागितले नाहीत तरी. आजोबा सांगायचे, मासळी कमी आली तर वाटे लहान करायचे, माणसं कमी करायची नाहीत. जाळं कुठे टाकायचं ते एक जाणता माणूस ठरवायचा आणि त्याचं सगळे ऐकायचे. पण जाळं पाण्यात आणि दोर लोकांच्या हातात असताना तो होडी घेऊन दुसऱ्या वाडीला निघून गेला, असं कधी घडल्याचं मी ऐकलेलं नाही. काका आणि ती वहिनी तुमचे दोर धरून उभे होते.

आणि तुम्ही ज्या दरासाठी निघाला आहात तो दर तरी टिकणारा आहे का? पंपच्या एका सहसंस्थापकानेच जानेवारी २०२६ मध्ये जाहीरपणे म्हटलं की सप्टेंबरच्या त्या दरांमुळे खरेदी-विक्रीपेक्षा नवनवी टोकनं काढण्यालाच जास्त चालना मिळाली असावी. म्हणजे जो दर बघून कितीजण तिकडे गेले, त्याच्याबद्दल मंचाला स्वतःलाच चार महिन्यांत शंका आली. त्याआधीचं बघायचं तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंड टेक नावाचा असाच एक मंच आला होता. दर व्यवहारावर १० टक्के फी, त्यातला अर्धा वाटा निर्मात्याचा. इतका उदार दर त्यानंतर कुणी दिला नसेल. सप्टेंबर २०२४ मध्ये चालकांनी त्याच्या काँट्रॅक्टचा, म्हणजे तो मंच चालवणाऱ्या प्रोग्रामचा, ताबा कुणाच्याही हाती नसलेल्या पत्त्यावर सोडून दिला. दरामागे धावलात तर दर दोन हंगामांनी असंच घर सोडावं लागेल, आणि प्रत्येक वेळी मागे राहिलेल्यांची एक वही कुणाकडे तरी भरेल.

म्हणून माझी तुमच्याकडे मागणी आहे. हलूच नका असं मी म्हणत नाही. काही मंच खरोखर वाईट आहेत, तिथून निघणंच बरं.

निघण्याआधी महिनाभर सांगा. मराठीत सांगा, मालवणीत सांगितलंत तर आणखी चांगलं. टेलिग्रामवर सांगून थांबू नका. ज्या गावच्या जत्रेच्या नावावर टोकन विकलंत त्या गावच्या देवळाच्या फलकावर एक कागद लावा. चतुर्थी आणि शिमगा या दोन वेळा टाळा. पालखी दारात असताना कुणी वॉलेट उघडत नाही, आणि उघडायला लागू नये. स्नॅपशॉट कधी घेणार ते आधी जाहीर करा, आणि तुमच्या चौघांची वॉलेटं कोणती तेही सांगा, म्हणजे सूचनेच्या आधी तुमच्याकडून काही विकलं गेलं नाही हे कुणालाही ब्लॉकचेनवर बघता येईल. ते बघणं सोपं आहे, मला जमतं तर कुणालाही जमेल.

क्लेमला मुदत ठेवू नका. यावर मी सगळ्यात जास्त अडून बसणार आहे. मुदत कशाला हवी? न घेतलेली टोकनं तुमच्याकडे परत यावीत एवढ्यासाठीच तिचा उपयोग होतो. बँकेतली दहा वर्षं न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसाने नंतर कधीही मागितली तरी त्याला ती मिळते. बँकेला जो नियम पाळावा लागतो तो तुम्हाला का नको?

आणि फीचं. त्याच जानेवारी २०२६ मध्ये पंपने निर्मात्याची फी दहा वॉलेटांपर्यंत वाटून देण्याची सोय केली. म्हणजे वाटे पाडायचं साधन आता तुमच्या फोनवर आहे. त्यातला एक वाटा ज्या दशावतारी कंपनीचं नाटक तुम्ही दाखवता तिच्या मालकाच्या वॉलेटात थेट जाऊ द्या. आजवर त्या नटांना काय मिळालं? चौघांपैकी एकाने सांगितलं, "आम्ही त्यांका जेवण दिला." रात्रभर संकासुर नाचलेल्या माणसाला जेवण मिळालं, आणि त्याच्या नाचावर निघालेल्या टोकनाच्या फीची नोंद मी चार पानं केली. दुसरा वाटा मागे राहिलेल्यांसाठी ठेवा. चतुर्थीच्या त्या तेवीस जणांपासून सुरुवात करा. रक्कम मोठी नाही. माझ्या हिशेबाने तुमच्या चांगल्या तीन महिन्यांच्या फीत ती पूर्ण फिटते. आणि दर महिन्याला पट्टी काढा: किती उलाढाल, किती फी, कुणाला किती गेली. एका पानाची. लिहून देणारं कुणी नसेल तर मी फुकट लिहून देईन.

कराचंही एक, कारण तो प्रश्न तुम्ही मला विचारणारच आहात. जुनं टोकन देऊन नवं घेतलं तर मी ते हस्तांतरण धरते आणि रिटर्नमध्ये आभासी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवते. एका टोकनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. कुणाचे जुन्यात ९,५०० गेले आणि नव्यात ४,००० मिळाले, तर घरात ५,५०० चा खड्डा असतो आणि तरी त्या ४,००० वर १,२०० रुपये कर आणि वर उपकर भरावा लागतो. तुम्ही घर बदलता तेव्हा हा भार धारकांवर येतो, तुमच्यावर नाही. तुमची फी सोलमध्ये आली त्या दिवशी ती उत्पन्न झाली, आणि पुढे तेच सोल चढ्या भावाने विकलं तर त्या वाढीवर पुन्हा ३० टक्के. फीच्या तारखा लिहून ठेवत जा, मार्चमध्ये माझ्यासमोर बसून आठवत बसू नका.

मुलांनो, तुमची रेकॉर्डिंग मी रात्री ऐकते. गेल्या वर्षी वारलेल्या एका म्हाताऱ्या नटाचं एक पद तुमच्याकडे आहे, ते आता जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याचा आवाज मध्येच खोकल्याने तुटतो आणि तो हसून पुन्हा धरतो, ते तुम्ही कापलं नाहीत, तसंच ठेवलंत. ज्यांना एवढी समज आहे त्यांना मी हे पत्र लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

वही माझ्या टेबलाच्या उजव्या खणात आहे. नवा मंच ठरवण्याआधी चौघेही या, आणि तुमच्यासारखे आणखी जे हलायच्या विचारात आहेत त्यांनाही घेऊन या. काका रोज सकाळी साडेदहाला पेपर वाचायला माझ्याकडे येतात. वहिनीला मी मासळी संपली की बोलावून घेते, साधारण बारापर्यंत मोकळी होते. वही त्यांच्यासमोर उघडू.

तुमच्यातल्या एकाची आत्या,
मालवण